पल्ला कुठवर जायचा



कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला आपल्यातले बरेच जण जाऊन आलेत. तिथल्या सिंधी दुकानदाराच्या गल्ल्यामागं एक तसबीर असते. पांढऱ्या दाढीचे झुलेलाल, हातात पोथी, कमळावर बसलेत आणि ते कमळ एका माशाच्या पाठीवर. आपण देव म्हणून हात जोडतो आणि साडीच्या भावाला लागतो. तो मासा कुठला, हे फारसं कुणी विचारत नाही.

तो मासा पल्ला. बंगाली लोक त्याला इलिश म्हणतात, पुस्तकात हिलसा, गोदावरीच्या तोंडाला पुलसा, मुंबईच्या बाजारात पाला. सगळा एकच. आज ऊस, सोयाबीन काही नाही, या माशाच्या वाटेचा इतिहास लिहितोय. कारण ही वाट जिथं जिथं अडली, तिथं ती बहुतेक वेळा शेतीच्या पाण्यासाठी अडली. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी. मी स्वतः नदीच्या पाण्यावर ऊस करतो, त्यामुळं धरणाला शिव्या घालायला बसलेलो नाही. पण झालं काय ते माहीत असावं. लांबड लागेल, सवडीनं वाचा.

आधी मासा समजून घ्या. पल्ला चांदीसारखा चकचकीत, अंगानं चपटा, आणि काटे विचारू नका. वाढतो समुद्रात आणि खाडीत. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की थवे करून नदीत शिरतो आणि धारेच्या उलटा वर चढत जातो. गोड्या पाण्यात अंडी घालतो, एकेक मादी लाखांनी. पिल्लं काही महिने नदीत काढतात आणि मग समुद्राकडं उतरतात. हिवाळ्याच्या शेवटाला आणखी एक लहान चढण असते.

आपल्याकडं मृगाचा पाऊस लागला की चढणीचे मासे येतात ना, नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात? कोकणात त्याला वलगण म्हणतात. कारण तेच, पोटात अंडी आणि नव्या पाण्याची ओढ. फरक अंतराचा. आपला मासा ओढ्यानं थोडा वर जातो. गंगेतला हिलसा समुद्रापासून हजार किलोमीटरच्या वर, अलाहाबाद, कानपूर, यमुनेत आग्र्यापर्यंत आणि कधीमधी दिल्लीपर्यंत जायचा. दिल्लीत समुद्राचा मासा! आज सांगितलं तर लोक हसतील.

आता प्रश्न असा, की पाण्याखालचा मासा कुठून कुठं जातो हे माणसाला कळलं कसं?

पहिल्यांदा कळलं ते अर्थातच कोळ्यांना. सिंधमध्ये पल्ला धरायची एक जुनी तऱ्हा होती. मोठं रुंद मडकं पाण्यात सोडायचं, त्याच्या तोंडावर पोट टेकून पालथं पडायचं, हातात लांब काठीचं जाळं. प्रवाहाबरोबर तरंगत खाली जायचं आणि समोरून वर चढणारा पल्ला जाळ्यात आला की मडक्यातच टाकायचा. एकाच मडक्यात होडी आणि टोपली दोन्ही. १९व्या शतकात सिंधमध्ये आलेल्या इंग्रजांनी याची वर्णनं लिहून ठेवली आहेत. मासा कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात, कुठल्या दिशेनं चालतो हे माहीत असल्याशिवाय असलं मडकं कोण वापरणार?

आणि श्रद्धेतही तीच माहिती आहे. सक्करजवळ सिंधू नदीच्या बेटावर जिंदा पीराचं ठाणं आहे. मुसलमान त्याला ख्वाजा खिज्र मानत, हिंदू झुलेलाल मानत. लोक सांगायचे की पल्ला समुद्रातून निघतो तो या पीराच्या दर्शनाला. तिथं प्रदक्षिणा घालतो आणि पीराला पाठ न दाखवता परततो. समुद्रापासून सक्कर चारएकशे किलोमीटर तरी आहे. ज्याला आपण भाबडी गोष्ट म्हणू, त्यात मासा कुठून निघतो, कुठल्या दिशेनं जातो आणि परत फिरतो, हे तिन्ही बरोबर आहे. फक्त भक्तांची गोष्ट सक्करला थांबते. मासा त्याच्या पुढं पार मुलतानपर्यंत जायचा.

मग कंपनी सरकारातले डॉक्टर आणि लष्करी अधिकारी आले. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरनं १८२२ साली गंगेच्या माशांवर मोठं पुस्तक काढलं. त्यात हिलसाला शास्त्रीय नाव दिलं, तेही बंगाली नावावरूनच. आपल्या मुलखात कर्नल साईक्स यांनी तेच केलं. त्यांचं दख्खनच्या माशांवरचं लिखाण १८३९च्या सुमाराचं. पुण्याच्या मुळा-मुठेत सापडलेला खुद्री, शिंगटी, नुक्ता ही आपल्या लोकांच्या तोंडची नावं त्यांनी लॅटिनमध्ये घातली. ती आजही जगभर तशीच चालतात. आपल्या कोळ्यांची, भोयांची भाषा लंडनच्या कागदावर गेली, हे मला लई आवडतं. पण त्या काळच्या कामाचा भर आकार, रंग, काटे मोजून नाव देण्यावर होता. मासा वर्षभर कुठं कुठं फिरतो याची नोंद नंतर आली. आणि ती आली भिंतीमुळं.

आर्थर कॉटन हे नाव आंध्रात शेतकऱ्याच्या घरात देवाच्या रांगेत आहे. त्यांनी १८३६ साली कावेरीच्या कोल्लिडम फाट्यावर बंधारे घातले. १८५२ साली गोदावरीवर दौलेश्वरमचा बंधारा पुरा झाला. त्र्यंबकेश्वरला उगवणाऱ्या आपल्या गोदावरीवर, समुद्राच्या अगदी तोंडाशी. त्याच्या वीसएक वर्षं आधी त्या भागात भयंकर दुष्काळ पडून माणसं किड्यामुंगीसारखी मेली होती. बंधारा झाला आणि तो सगळा त्रिभुज प्रदेश भाताचं कोठार झाला. गावोगाव कॉटनचे पुतळे आहेत ते उगीच नाहीत. १८५५ साली आपल्या कृष्णेवर बेजवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, तसाच बंधारा झाला. पंचगंगेचं पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतं ते शेवटी तिथूनच जातं.

आता खरी गोष्ट. १८६७ साली याच कॉटननी सरकारचं लक्ष वेधलं, की नद्यांवरच्या या बंधाऱ्यांमुळं मासळीचं नुकसान होण्याचा संभव आहे, त्याकडं बघावं. ज्यानं भिंत बांधली त्यानंच हे सांगितलं. आजकाल एखाद्या प्रकल्पाच्या इंजिनिअरनं असलं पत्र लिहिलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

सरकारनं हे काम मद्रासच्या लष्करातले डॉक्टर फ्रान्सिस डे यांच्याकडं दिलं. त्यांना माशांचा नाद होताच. ते नद्यानद्यांवर फिरले, पण त्याहून हुशारीचं काम म्हणजे त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना, तहसीलदारांना प्रश्न पाठवले. तुमच्याकडं कुठले मासे येतात, कधी येतात, जाळ्याचा डोळा किती बारीक असतो, पिल्लं मारली जातात का, मासळी कमी झाली की वाढली. ही सगळी उत्तरं आणि स्वतःचं बघणं मिळून १८७३ साली त्यांचा अहवाल निघाला, हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या गोड्या पाण्यातल्या मासळीवर. कोळ्याच्या डोक्यात असलेली माशाची वाट एवढ्या मोठ्या मुलखासाठी सरकारी कागदावर आली ती अशी.

डे यांना कोल्लिडमच्या बंधाऱ्याखाली काय दिसलं? चढणीचा हिलसा येऊन भिंतीला भिडतोय, वर जाता येत नाही, खाली जायची इच्छा नाही. भिंतीच्या पायथ्याशी मासळीचा खच, आणि लोक जाळी टाकून ती उपसतायत. अंडी पोटात असलेली. नदी मोकळी होती तोवर हाच मासा शंभर गावांच्या पाण्यातून पांगून जायचा आणि त्याची कुणी मोजदाद करत नव्हतं. तो एका जागी तुंबला तेव्हाच सरकारला दिसलं की हा एवढा येतो, आणि याला अजून पुढं जायचं होतं.

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट परत परत दिसते. भिंत आधी आणि माशाची चौकशी मागून. वर्षानुवर्षं वर येणारा मासा यंदा आला नाही असं वरच्या गावातली म्हातारी माणसं सांगायला लागतात, तेव्हा अभ्यासक वही घेऊन येतो. पल्ला कुठवर जायचा याचा नकाशा बराचसा असाच तयार झालाय.

डे यांनी उपाय सांगितले. बंधाऱ्यात माशाला वाट ठेवा, जाळ्याचे डोळे मोठे ठेवा, विष बंद करा. १८९७ साली मासेमारीचा कायदा आला. त्यात सुरुंग आणि विष यांना बंदी झाली, जाळ्यांसाठी नियम करायची सोय झाली. पण धरणात माशाला वाट ठेवलीच पाहिजे असं सक्तीचं कलम काही आलं नाही. जे गरिबाकडून करून घ्यायचं होतं ते कायद्यात बसलं, जे सरकारनं स्वतः करायचं होतं ते राहिलं. हे माझं मत.

काही ठिकाणी वाट ठेवायचा प्रयत्न झाला, हेही सांगितलं पाहिजे. कोल्लिडमच्या खालच्या बंधाऱ्यात माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची शिडी केली. पण ती कल्पना विलायतेतल्या साल्मन माशाची. साल्मन हा पैलवान गडी, धबधब्यावर उड्या मारून चढतो. पल्ला उड्या मारत नाही. तो भरल्या पाण्यातून सलग पोहणारा मासा आहे. बैलासाठी केलेल्या जुवात रेडा जुंपावा तसला प्रकार. शिडी राहिली तशीच आणि पल्ला खालीच. पुढं १९३४ साली कावेरीवर मेट्टूरचं धरण झालं आणि कावेरीतला हिलसाचा धंदा बसत गेला.

आता सिंधूकडं वळू, कारण त्यात आपलाही संबंध आहे. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. सक्करचा ६६ दरवाजांचा मोठा बराज १९३२ साली सुरू झाला तो मुंबई सरकारच्या कारभारात. त्याला नावही मुंबईच्या गव्हर्नरचं दिलं होतं, लॉईड बराज. सात कालवे निघाले, ओसाड जमिनीत गहू-कापूस उभा राहिला. आणि मुलतानपर्यंत जाणारा पल्ला सक्करला थांबला. योगायोग बघा, भक्तांच्या गोष्टीत तो जिथं थांबायचा तिथंच. फाळणीनंतर १९५५ साली पाकिस्तानात हैदराबादजवळ कोटरीचा बराज झाला आणि पल्ला तिथं अडला, पीराच्या ठाण्याच्या पार खाली. तिथंही शिडी ठेवली होती. तिचाही पल्ल्याला उपयोग झाला नाही.

म्हणजे १९४७ला सिंधी लोक घरदार टाकून उल्हासनगरला, गांधीनगरला आले आणि झुलेलालची तसबीर सोबत आणली, तेव्हा सक्करच्या वर तो मासा दिसायचा थांबून पंधरा वर्षं झाली होती. त्यांच्या आजोबांनी मुलतानच्या बाजारात जो बघितला असेल तो नातवाच्या वाट्याला फोटोत.

गंगेचं तसंच. फरक्का बराज १९७५ साली सुरू झाला. सव्वादोन किलोमीटर लांब, १०९ दरवाजे. हा मात्र शेतीसाठी नव्हता. कलकत्त्याच्या बंदरातला गाळ वाहून जावा म्हणून हुगळीत पाणी वळवायचं होतं. यातही माशासाठी जहाजाच्या कुलुपासारखी एक सोय ठेवली होती. तरी बक्सर, अलाहाबादच्या बाजारातला हिलसा जवळपास संपला. बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या कोळ्यांचा हंगामच गेला. बंगाल्यात हिलसाची चर्चा होते ती भाव वाढला म्हणून. वरच्या अंगाला तर भावच उरला नाही, कारण मालच नाही.

स्वातंत्र्यानंतर शास्त्रज्ञांनी माशाचा माग काढायची नवी हत्यारं आणली. पहिलं म्हणजे बिल्ला. जनावराच्या कानात टॅग मारतात तसा माशाच्या अंगाला नंबरचा बिल्ला लावायचा, सोडायचा, आणि दुसरीकडं कुणाला सापडला तर त्यानं कळवायचं. बॅरकपूरच्या सरकारी संशोधन केंद्रानं हे हिलसावर करून बघितलं. पण पल्ला फार नाजूक. हातात धरला की खवले सुटतात, पाण्याबाहेर थोडा वेळ राहिला की मेला. बिल्ला लावेपर्यंत जगवायचा कसा हीच कसरत.

दुसरं हत्यार मला जास्त भावलं. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, एक बारका खडा असतो. तो वयाबरोबर वाढतो आणि त्यात थरावर थर बसतात. आपण ऊस तोडताना कांड्या बघून सांगतो ना, इथं कांडी आखूड पडली म्हणजे या महिन्यात पाण्याचा ताण बसला होता? तसंच. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम नावाचं द्रव्य नदीपेक्षा जास्त असतं. खड्याच्या कुठल्या थरात ते किती आहे हे मोजलं की मासा कुठल्या वयात गोड्या पाण्यात होता आणि कुठल्या वयात खाऱ्या, हे कळतं. मेलेला मासा स्वतःचा प्रवास सांगतो. बांगलादेशातल्या हिलसावर हे काम झालंय. सगळे हिलसा एकाच वेळापत्रकानं चालत नाहीत, हेही अभ्यासकांनी मांडलंय. काही तर नदी फारशी सोडतच नाहीत.

अशाच खड्यांनी अॅमेझॉन नदीतल्या सोनेरी रंगाच्या एका मोठ्या शिंगाळ्याचा प्रवास पक्का केला. दोराडो त्याचं नाव. अँडीज डोंगराच्या पायथ्याला जन्मतो, नदीच्या तोंडापर्यंत वाहत येतो आणि मोठा होऊन परत डोंगराकडं जातो. जाऊन-येऊन ११,००० किलोमीटरच्या वर. गोड्या पाण्यातल्या माशाचा एवढा लांब प्रवास दुसरा माहीत नाही. हा हिशोब २०१७ साली छापून आला. त्याच्या वाटेतल्या मादेइरा नदीवरची दोन मोठी धरणं तोवर सुरू झाली होती. भिंत आधी, चौकशी मागून, म्हटलं ना.

मग माग काढून उपयोग काय? उपयोग बांगलादेशानं दाखवला. तिथं मासा कधी अंडी घालतो आणि पिल्लं कधी खाली उतरतात हे बघून तारखा ठरवल्या. आश्विन पौर्णिमेच्या आसपास २२ दिवस हिलसा धरायला पूर्ण बंदी. नोव्हेंबर ते जून पिल्लं धरायला बंदी, त्यांना तिथं जटका म्हणतात. आणि बंदीच्या काळात कोळ्याच्या कुटुंबाला महिन्याला ४० किलो तांदूळ. तो तांदूळ पुरत नाही, वेळेवर मिळत नाही, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, अशा तक्रारी तिथं आहेतच. पण २००२-०३ मध्ये दोन लाख टनाच्या आसपास असलेलं उत्पादन २०१७-१८ मध्ये पाच लाख टनांच्या वर गेलं. आपल्याकडं फरक्क्याला गेल्या काही वर्षांत खालच्या अंगाचे हिलसा धरून, काहींना बिल्ले लावून, बराजच्या वरच्या पाण्यात सोडतायत.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या नदीत पल्ला येत नाही, तर आपल्याला काय? पल्ला नाही, पण चढणीचा मासा आहे. आणि आपला कोल्हापुरी बंधारा ही चीज फरक्क्यापेक्षा शहाणी आहे. दगडी खांब, मधे गाळे, गाळ्यात बरगे. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं, आणि मे संपता संपता काढायचे. बरगे निघाले की नदी मोकळी. ज्या दिवसांत माशाला वर जायचं असतं त्याच दिवसांत आपली भिंत नसते. बांधणाऱ्यांच्या मनात पूर आणि गाळ होता, मासा नसेलही. पण वाट राहिली.

ती राहते फक्त तारीख पाळली तर. लोखंडी बरगे गंजून अडकतात, काढायला माणसं मिळत नाहीत, कुणाला शेवटचं एक पाणी हवं असतं, आणि वळीव सोडून थेट मृगाचा पूर बरग्यांवर येतो. मग बंधाऱ्याखाली शिंगटी, मळे, खवली तुंबते आणि पोरं मच्छरदाण्या घेऊन उतरतात. कोल्लिडमला डे यांनी बघितलं तेच, लहान मापात.

या महिन्याच्या शेवटी आमच्या पाणीपुरवठा संस्थेची बैठक आहे. मी दोन विषय लेखी दिलेत. एक, बरगे काढायची तारीख २५ मेच्या पुढं जाऊ नये, आणि त्या दिवशी किती गाळे मोकळे झाले ते रजिस्टरला लिहावं. दोन, पहिला पूर आला की आठ दिवस बंधाऱ्याच्या खाली शंभर पावलं जाळं, मच्छरदाणी, करंट काही नको. दुसऱ्या विषयावर भांडण होणार हे मला माहीत आहे, कारण चढणीचा मासा सगळ्यांनाच आवडतो, मलाही. ठराव काय होतो ते इथं लिहीन. तुमच्या गावच्या बंधाऱ्याचे बरगे गेल्या साली कुठल्या तारखेला निघाले आणि पहिला चढणीचा मासा कधी दिसला, हे कुणाच्या वहीत असेल तर मला पाठवा. तारीख पक्की असेल तरच.